धारावीच्या चामडे बाजारात

एका खुर्चीमुळे आमचे धारावीला जाणे झाले.

आमच्या धाकट्या मुलीने मोबाईलवर एक फोटो दाखवला. रबराच्या जाड तक्त्यातून घडवलेली खुर्ची, आणि तिच्यासोबत रिहाना ही जगप्रसिद्ध गायिका. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील मियामी शहरात डिझाइनचे मोठे प्रदर्शन भरले होते, तिथली ती छायाचित्रे. खुर्ची बनवणाऱ्या स्टुडिओचे नाव वाचले आणि आम्ही चष्मा काढून पुन्हा घातला. नाव होते चमार स्टुडिओ.

सौ. म्हणाल्या, "हे नाव स्वतःहून ठेवले आहे? आपल्याला तर कुणी म्हटले की पोलीस स्टेशनला जावे लागते."

त्यांचे म्हणणे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्वर्ण सिंग खटल्यात स्पष्ट सांगितले, की अपमानाच्या हेतूने चारचौघांत कुणाला 'चमार' म्हणणे हा अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. मग जो शब्द उच्चारला तर गुन्हा, तोच दारावरची पाटी कसा झाला? हा प्रश्न डोक्यात घेऊन २०२५ च्या दिवाळीपूर्वीच्या एका शनिवारी, कचेरीला सुट्टी असताना, आम्ही, सौ. आणि आमच्या मंडळाचे खजिनदार असे तिघे शीव स्टेशनला उतरलो. निमित्त दुसरेही होते. २६ नोव्हेंबरला संविधान दिनी मंडळाच्या अभ्यासिकेतील २५ मुलांना संविधानाची मराठी प्रत द्यायची होती. प्रतीला प्लॅस्टिकचे कव्हर घालण्यापेक्षा हाताने शिवलेले, टिकाऊ असे काही करून घ्यावे, असे बैठकीत ठरले होते.

धारावीवर लिहिणारे बहुतेक जण गटारापासून सुरुवात करतात. आम्ही रस्त्यांच्या नावांपासून करतो. इथे संत रोहिदास मार्ग आहे आणि संत कक्कय्या मार्गही आहे. रोहिदास चर्मकारांचे, कक्कय्या ढोर समाजाचे, बसवेश्वरांच्या काळचे शरण. कातडे शिवणारा आणि कातडे कमावणारा, या दोघांच्या संतांची नावे असलेले मार्ग एकाच वस्तीत आम्हाला तरी अन्यत्र आढळले नाहीत. कोल्हापूर-सातारा भागातून आलेले हे लोक, तामिळनाडूतून आलेले मुसलमान चामडेवाले, आणि अलीकडे बिहार-उत्तर प्रदेशातले कारागीर, यांनी मिळून हा बाजार उभा केला. वांद्र्याचा कत्तलखाना १९७१ साली देवनारला गेला, त्यानंतर इथले कमावण्याचे कामही हळूहळू ओसरले. आज तयार चामडे चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून येते आणि इथे त्याच्या बॅगा, पाकिटे, पट्टे होतात. शीव-वांद्रे लिंक रोडवर काचेची दुकाने ओळीने आहेत. आत गारवा आणि पॉलिशचा वास. सौ. एका पर्सची किंमत विचारून पुढे निघाल्या, त्यावरून आम्हीही समजलो.

आमचे काम दुकानात नव्हते. ओळखीच्या एका गृहस्थांनी गल्लीतल्या एका माळ्याचा पत्ता दिला होता. लोखंडी शिडी इतकी उभी, की खजिनदारांनी पिशवी दातात धरली. वर दहा बाय बाराची खोली. एक जड शिलाई यंत्र, भिंतीला टांगलेले कागदी फर्मे, सोल्युशनचा डबा, कोपऱ्यात कातरणीचा ढीग. कारागीर साठीचे, मूळचे कराडकडचे. आम्ही "जय भीम, काका" म्हटले. त्यांनी "जय रोहिदास, जय भीम" म्हणून चहा सांगितला.

चहा घेताना मनात एक गोष्ट आली, ती इथे लिहितो. खेड्यात मेलेले जनावर ओढणारा आमचा आजा, ते कातडे कमावणारा ढोर आणि त्याची चप्पल शिवणारा चांभार, हे तिघे एकाच धंद्याच्या साखळीतले. तरी एकाच्या घरचे पाणी दुसरा पीत नसे. मार्च १९२७ मध्ये महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा असे सांगितले आणि आमच्या लोकांनी दोर टाकला. त्याच बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे सचिव सीताराम शिवतरकर हे चर्मकार समाजाचे होते, हे आमच्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्ही दोर टाकला म्हणून कचेरीतल्या खुर्चीपर्यंत आलो. काकांच्या हातातली आरी मात्र तशीच राहिली. ती टाकावी की टिकवावी, हे त्यांना सांगण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

काकांना चमार स्टुडिओ ऐकून माहीत होता. त्याचे संस्थापक सुधीर राजभर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले कलावंत, मूळ घराणे उत्तर प्रदेशातले. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीच्या कातड्यावर बंदी नव्हती, पण भीती सगळ्याच कातड्याची बसली. पुढच्या वर्षी, जुलै २०१६ मध्ये, गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना भरदिवसा झोडपले, तेव्हा तर माल नेणारा टेम्पोवालाही "आत काय आहे" म्हणून दहादा विचारी, असे काका म्हणाले. त्या काळात राजभर यांनी धारावीतल्या चर्मकार आणि मुसलमान कारागिरांना सोबत घेतले आणि कातड्याऐवजी टाकाऊ रबराचे तक्ते वापरून बॅगा करायला सुरुवात केली. हत्यारे तीच, हात तेच, माल फक्त बदलला. पुढे बॅगांवरून खुर्च्यांवर गेले.

आम्हाला खटकले ते वेगळेच. राजभर समाज म्हणजे इतर मागासवर्गीय. ज्याची ती शिवी नाही त्याने ती पाटीवर लावावी का? त्यांच्या गावाकडे 'भर' आणि 'चमार' हे दोन्ही शब्द तुच्छतेनेच वापरले जात, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. हे उत्तर आम्हाला अर्धे पटले. काकांना विचारले, तर ते रबराला खडूने रेघ मारत म्हणाले, "साहेब, पाटीवर काय लिहिलंय ते तुम्ही बघा. आतल्या माणसाला नग किती मिळतो ते मी बघतो."

मग त्यांनी धंद्याचे गणित समजावले. बाजारातले बहुतेक काम नगावर चालते. बॅग इथून बिननावाची जाते आणि घेणारा आपला ठसा मारतो. डिझाइनवाले येतात, कागदावर चित्र आणतात. चित्रात कोपरा गोल असतो. रबर तसे वळत नाही. मग काका चार नमुने करतात, कुठे टाका मागे घ्यायचा, कुठे अस्तर कमी करायचे ते ठरवतात. चांगला डिझाइनवाला नमुन्याचेही पैसे देतो आणि जमिनीवर शेजारी बसतो. दुसरा नमुना घेऊन जातो तो परत येत नाही. वर्षाने तीच बॅग काचेत दिसते. "अर्धी अक्कल त्याच्या कागदाची असते आणि अर्धी माझ्या आरीची. पण बिलावर आरीचा रकाना नसतो," ते म्हणाले. आम्ही बी. कॉम. झालो, पंचवीस वर्षे बिले तपासतो, पण हा रकाना आमच्या कधी ध्यानात आला नव्हता.

आता आमची लाज सांगतो. काकांनी संविधानाच्या कव्हरचा नमुना कापून दाखवला. टाकाऊ ट्यूबचे काळे रबर, आत निळे अस्तर, बटणाची झडप. दर सांगितला ३२० रुपये. आम्ही सवयीने २२० म्हटले. मंडळाचा पैसा, वगैरे वगैरे. शेवटी २६० वर तोडले, २००० रुपये आगाऊ दिले आणि सौदा जमला म्हणून खुशीत शिडी उतरलो. गाडीत सौ. गप्प होत्या. कुर्ला गेल्यावर म्हणाल्या, "एका कव्हराला किती वेळ लागतो म्हणाले?" अडीच तास. "आणि माल?" ११० रुपयांचा. आम्ही मनातल्या मनात वजाबाकी केली. राहिले १५०, म्हणजे तासाला ६० रुपये. त्यातून भाडे आणि वीज. सौ. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "समान कामाला समान वेतन त्याच पुस्तकात आहे ना?"

घाटकोपर ते ठाणे आम्ही तिघांनी तोंड उघडले नाही. दुसऱ्याच दिवशी काकांना फोन करून दर ३२० कळवला. मंडळाच्या बैठकीत जादा १५०० रुपयांवर चर्चा झाली, थोडी तापलीही, पण मंजुरी मिळाली.

कोल्हापुरी चपलेचे प्रकरण वाचकांनी वाचलेच असेल. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, नाव मात्र घेतले नाही. २०१९ पासून त्या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकचे चार-चार जिल्हे त्यात येतात. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २००० जोड इथेच करून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोला एक जोड विकायचा असे ठरले. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे मुरवणाऱ्या माणसाला त्यातले किती पोचणार, तो आकडा आम्हाला बातमीत सापडला नाही. नावाचा झगडा जिंकता येतो, रकान्याचा राहतोच.

माल आणायला नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी गेलो. गल्लीत घरांवर सर्वेक्षणाचे आकडे रंगवलेले होते. धारावीच्या पुनर्विकासाचे काम २०२२ साली अदानी समूहाला मिळाले आहे. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशाला धारावीतच मोफत घर आहे. काका माळ्यावरचे, तेही भाड्याचे. त्यांना घर मिळाले तरी ते धारावीबाहेर आणि पैसे भरून. "घर कुठंही चालेल हो," ते म्हणाले, "पण दोरा खालच्या मजल्यावर, बकल समोर, अस्तरवाला कोपऱ्यावर. हे सगळं माझ्याबरोबर कोण हलवणार?"

कव्हरे तयार होती. आम्ही सुचवले होते की आतल्या बाजूला बनवणाऱ्याचे नाव दाबावे. काकांनी नुसते पहिले नाव घातले असते. त्यांचा दहावीतला नातू अडून बसला, आडनावासकट घाला म्हणून. आडनावावरून जात कळते, काका म्हणाले. कळू दे, नातू म्हणाला. दोघांचा वाद आम्ही पोचलो तेव्हाही चाललाच होता. शेवटी ठसा पूर्ण नावाचा पडला, खाली धारावी आणि वर्ष.

राहिलेले ६००० रुपये मोजून दिले, पावती मंडळाच्या नावाने घेतली. सौ.नी पंचवीसही कव्हरांची बटणे एकेक करून लावून पाहिली. एक सैल निघाले. काकांनी ते तिथेच उसवून पुन्हा शिवले आणि तोवर दुसरा चहा आला.