कोलांटउडी आणि आंग्र्यांचं आरमार

युद्ध चालू असताना एखाद्या पुढाऱ्याने भूमिका फिरवली की दोनच आवाज ऐकू येतात. विरोधक म्हणतात, "बघा, मारली कोलांटउडी!" भक्त म्हणतात, "मास्टरस्ट्रोक!" दोन्ही बाजूंना निकाल द्यायची इतकी घाई असते की मुळात नेमकं काय बदललं, हे कुणी विचारतच नाही.

२००४ च्या अमेरिकन निवडणुकीत जॉन केरींचं असंच झालं. इराकविरुद्ध बळ वापरायच्या ठरावाला त्यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये होकार दिला होता. वर्षभरानंतर युद्धासाठीच्या ८७ अब्ज डॉलर्सच्या तरतुदीला मात्र नकार दिला. झालं, विरोधकांना तेवढंच हवं होतं. 'फ्लिप-फ्लॉप' म्हणून त्यांच्या नावाने लोकांनी सभेत चक्क स्लिपरा हलवल्या. चर्चा स्लिपरांची झाली. ते युद्ध करायला हवं होतं का, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

भूमिका बदलणं हा माझ्या मते गुन्हा नाही. चुकतंय हे कळूनही केवळ 'मी म्हणालो होतो' म्हणून माणसं मरू देणं हा गुन्हा. मग कोणती पलटी चांगली आणि कोणती वाईट, हे ठरवायचं कसं? याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही. आपल्या विकांताच्या लाडक्या अलिबागलाच दोन्ही नमुने सापडतात.

पहिला नमुना कान्होजी आंग्र्यांचा. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ताराबाई विरुद्ध शाहू असं घरातलंच युद्ध पेटलं. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. नुसते बाजूचे नाहीत, तर १७१३ मध्ये चालून आलेल्या शाहूंच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, त्यांनी पकडून कैदेत टाकलं. आणि १७१४ मध्ये हेच कान्होजी शाहूंच्या बाजूला आले! नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले, तह झाला. पिंगळे सुटले, लोहगड परत मिळाला. कान्होजींचं सरखेलपद आणि कोकणातले किल्ले शाहूंनी मान्य केले.

ही कोलांटउडी आहे का? आहेच. ताराबाईंच्या माणसांना ती कशी वाटली असेल, हे सांगायलाच नको. कान्होजींचा त्यात फायदा होता, हेही उघड आहे. पण हिशोब मांडून बघा. घरातल्या भांडणाची एक आघाडी बंद झाली. आरमार आंग्र्यांच्याच ताब्यात राहिलं. आणि सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज या समुद्रावरच्या शत्रूंसमोर कान्होजींच्या पाठीशी सातारा उभा राहिला.

याचं फळ १७२१ मध्ये दिसलं. त्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. मदतीला घोडदळ घेऊन आले बाजीराव, वय वर्षं २१. हल्ला फसला. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला आणि इंग्रज एकटे पडले.

आता दुसरा नमुना. त्याच बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेब पेशवे. आंग्रे-इंग्रज युद्ध कान्होजी १७२९ मध्ये वारल्यावरही थांबलं नव्हतं. या युद्धात पेशवे कुणाच्या बाजूचे, हे १७२१ मध्ये अख्ख्या किनाऱ्याने पाहिलं होतं. मार्च १७५५ मध्ये नानासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला, तो कान्होजींच्या मुलाविरुद्ध, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध. एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांचं आरमार पेटलं आणि बंदरातच जळून गेलं.

तुळाजी काही साधुसंत नव्हते. पेशव्यांचा हुकूम ते मानत नव्हते आणि पेशव्यांच्या मुलखालाही त्यांचा त्रास होता. तेव्हा नानासाहेबांची तक्रार खोटी नव्हती. "सरदार ऐकत नसेल तर पेशव्याने करायचं काय?" हा प्रश्न रास्तच आहे.

दुसरा बचाव असा की पुढे काय होणार हे त्यांना कसं कळणार? हेही मान्य. विजयदुर्ग घेणारे वॉटसन आणि क्लाइव्ह वर्षभरात बंगालमध्ये असतील आणि जून १७५७ मध्ये प्लासी होईल, हे पुण्यात बसून कुणाला दिसणार होतं? म्हणून प्लासीचं खापर मी नानासाहेबांच्या डोक्यावर फोडत नाही.

पण जे तेव्हाच कळत होतं त्याचं काय? मोहिमेत आरमाराची सूत्रं इंग्रजांकडे राहतील, हे करारातच होतं. बाणकोट त्यांना द्यायचं, हेही त्यातच होतं. हरिहरेश्वरला गेलात तर सावित्रीच्या खाडीपलीकडे दिसतं ते बाणकोट. म्हणजे किल्ल्यासाठी आधी खाडीचं तोंडच देऊन टाकलं. आमच्या धंद्यात एखादा मॅनेजर घरचा इंजिनिअर ऐकत नाही म्हणून अख्खी सिस्टीम, पासवर्डसकट, प्रतिस्पर्धी कंपनीच्या हवाली करायला निघाला, तर त्याला भविष्य सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि झालंही तसंच. विजयदुर्गातली सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपापसातच वाटून घेतली. किल्लाही सोडेनात. शेवटी ऑक्टोबर १७५६ च्या तहानंतर तो पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे गेलं ते गेलंच. तुळाजींचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं. ज्या आरमाराने इंग्रजांना इतकी वर्षं दमवलं, त्याचा मुख्य भाग संपला होता. इंग्रजांना हे एकट्याच्या जोरावर तोवर जमलं नव्हतं.

म्हणून माझी टीका नानासाहेबांनी भूमिका बदलली यावर नाही. घरचं भांडण मिटवायला त्यांनी शत्रूला पंच केलं आणि काठीही त्याच्याच हातात दिली, यावर आहे. बाळाजी विश्वनाथांनी बंडखोर आरमारप्रमुखाशी बोलणी केली होती. त्यांच्या नातवाने आरमारच जाळू दिलं.

तेव्हा पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी युद्धाबद्दल घूमजाव केलं, मग तो आपला असो की परदेशातला, तर 'तू आधी काय म्हणाला होतास' एवढ्यावरच थांबू नये. परिस्थिती बदलली की फक्त तुझा फायदा? तुझ्या आधीच्या शब्दावर जे लढले, त्यांचं आता काय होणार? आणि उद्या हे थांबवायचं ठरवलं तर ते तुझ्या हातात उरलंय का? तिसऱ्या प्रश्नावर नानासाहेब साफ नापास होतात, आणि आजचेही बरेच जण होतील असं मला वाटतं.

जाता जाता एक. ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात गेलात तर उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा दिसतील. सगळे तिथे उभं राहून फोटो काढतात. त्यावरची अक्षरं जरा वाचा. आंग्र्यांच्या किल्ल्यातल्या त्या तोफांवर नाव आहे यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं.