कालचा आकडा

मंडळी, पुतण्याने घरातल्या अलेक्साला नवं काम शिकवलंय. असल्या कामाला 'स्किल' म्हणतात. "वीर धरण में कितना पानी है?" असं हिंदीत विचारायचं (ती २०१९ पासून हिंदी बोलते). वेळापूरकडे नीरा उजव्या कालव्याचं पाणी येतं ते वीर धरणातून, आणि पडद्यावरचे बारीक आकडे मला आता वाचवत नाहीत.

गंमत म्हणजे त्या डबीला स्वतःला काहीच ठाऊक नसतं! प्रश्न इंटरनेटवरून पुतण्याच्या प्रोग्रॅमकडे जातो, तो धरणसाठ्याच्या पानावरून आकडा आणतो, आणि हे सगळं ८ सेकंदांच्या आत. वर्गातल्या पोराला निरोप देऊन ऑफिसात पिटाळावं, तसंच. उशीर होणार असेल तर मध्येच "रुकिए, पूछती हूँ" म्हणायचीही सोय आहे.

पण तिकडून उत्तरच आलं नाही तर? पुतण्या म्हणाला, "काका, कालचा आकडा सांगू दे की. कुणाला कळतंय!"

मी नाही म्हटलं. शेजारचे दोघे-तिघे मला विचारून उसाच्या पाण्याचा अंदाज बांधतात. बराच वाद झाला. आता ती आधी "यह कल का आँकड़ा है" म्हणते, मगच आकडा सांगते. (आमच्या सौ.ना तिचं हिंदी माझ्यापेक्षा बरं वाटतं, तो विषय वेगळा.)