जिजीच्या गोधड्या

कोसाडच्या आमच्या घरात आजही कुणी कापडाचा तुकडा टाकायला निघालं की दुसरं कुणीतरी म्हणतं, "थांब, जिजीला लागेल." जिजीला जाऊन किती वर्षं झाली. तरी तुकडा गाठोड्यातच जातो.

तुम्ही सुरतेत वाढला असाल, उधन्यात, लिंबायतात, डिंडोलीत, नाहीतर आमच्यासारखे तापीच्या या बाजूला अमरोली-कोसाडला, तर ते गाठोडं तुमच्याही घरात असणार. भुसावळ पॅसेंजरनं खानदेशातून माणसं आली, लूमवर लागली. बाया घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवायच्या, धागे कापायच्या. डाग पडलेला माल, फाटका काठ, वीतभर चिंधी, सगळं एका जुन्या लुगड्यात बांधलेलं. टाकायचं काही नाही. फुटक्या बादलीत तुळस, मोडक्या छत्रीच्या कापडाची पिशवी, विटलेल्या परकराचं पायपुसणं.

जिजी आमची मोठी काकू, पण सगळी गल्ली तिला जिजीच म्हणायची. दारात कुणी उभं राहिलं की तिचं ठरलेलं, "बठ, दोन घास खाई ले." कळण्याची भाकरी, ठेचा, असलं तर भरीत. खापरावरची पहिली पुरणपोळी देवाला, दुसरी शेजारच्या खोलीतल्या ओडिया पोरांना. आमची पाळी त्यानंतर.

मग गाठ निघाली. स्तनात. तिनं ती चार महिने कुणाला सांगितली नाही, आणि त्या एका गोष्टीचा राग आमच्या मनातून अजून गेलेला नाही. दुसऱ्याला देताना कधी न मोजणारी बाई स्वतःच्या औषधाचे पैसे मोजत गप्प बसली होती.

परळच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहाटे चारला रिक्षा, सुरतेहून फ्लाइंग राणी, तेव्हाची डबल डेकर, आणि दादरला उतरायचं. १९४१ साली सुरू झालेलं ते टाटा हॉस्पिटल आमच्या घरात नुसतं 'टाटा' झालं, जसं कुणाचं माहेर असावं. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. पहिल्याच वारीत जिजीनं परळच्या फुटपाथवर झोपलेली माणसं पाहिली. कुठून कुठून आलेली, उशाला फाइल आणि खाली वर्तमानपत्र. परत आल्यावर तिनं तब्येतीचं काही सांगितलं नाही. गाठोडं सोडलं.

तेव्हापासून दर वारीला दोन गोधड्या जायच्या. येताना हात रिकामे. गाडगेबाबा स्वतः चिंध्या पांघरायचे, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे, हे जिजीला कुणीतरी धर्मशाळेत सांगितलं. ती खूश झाली. "म्हणजे माल बरोबर ठिकाणी जातोय," म्हणाली.

लाल औषधानं केस गेले, तर तिनं पदर पुढे ओढला आणि सुई चालू ठेवली. पुढच्या औषधानं बोटांची टोकं बधिर झाली. सुई टोचली तरी कळायचं नाही, कापडावर रक्ताचा ठिपका दिसला की मग कळायचं. तो तुकडा ती उसवून काढायची, तिथे दुसरा लावायची. गल्लीतल्या पोरी शाळेतून आल्या की दहा-दहा सुया ओवून भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवायच्या. तिच्या गोधडीचा धावदोरा आधी मुंग्यांच्या रांगेसारखा सरळ असायचा. नंतर तो वाकडा पडू लागला. औषध कधी दिलं आणि कधी थांबलं, ते आम्हाला फाइलपेक्षा टाक्यांवरून लवकर कळायचं.

अशी नऊ वर्षं. बरी झाली असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. आटोक्यात आहे, म्हणायचे. तेवढ्यात तिनं दोन लग्नं उरकली, एका बाळंतिणीचा सव्वा महिना काढला, आणि कानबाईचे रोट एकदाही चुकवले नाहीत.

शेवटची गोधडी तिला पुरी करता आली नाही. अर्धी तिची, अर्धी आम्ही सगळ्यांनी मिळून शिवली. खाटेवर नेऊन दिली. तिनं बधिर बोटं आमच्या बाजूवरून फिरवली, मग तळहात फिरवला. म्हणाली, "टाके इतके आवळू नका गं. धुतल्यावर आखडते. माणसाचे पाय उघडे पडतात."

ती घरीच ठेवावी असं आमच्यातलं कुणीतरी बोललं. जिजीनं नुसतं पाहिलं. आम्ही आमचे टाके उसवले, सैल घातले, आणि पुढच्या सोमवारी ती गोधडी राणीनं दादरला गेली.