रिकामी सम आणि प्रतिध्वनी

रूट्स रेगे, म्हणजे १९७० च्या दशकात जमैकात रास्ताफारी श्रद्धेतून आणि गरीब वस्त्यांच्या अनुभवातून घडलेले रेगे, हे शब्दप्रधान संगीत आहे. त्यामुळे त्यात मुरलेला वाद्यवृंद प्रथमच डबकडे वळतो तेव्हा त्याला गायकाचा आवाजच बाजूला ठेवावा लागतो. डब म्हणजे ध्वनिमुद्रित गाण्यातले काही आवाज गाळून, काही प्रतिध्वनीत सोडून मिक्सरवर केलेली पुनर्मांडणी. ती नावारूपाला आणणारा किंग टबी हा किंग्स्टनमधला रेडिओ दुरुस्त करणारा तंत्रज्ञ होता, आणि हे वादकांना आजही थोडे बोचते.

विन्स्टन रॉडनीच्या ‘बर्निंग स्पिअर’चा ‘मार्कस गार्व्ही’ हा अल्बम १९७५ मध्ये आला आणि त्याच गाण्यांची डब रूपे १९७६ मध्ये ‘गार्व्हीज घोस्ट’ या नावाने निघाली. त्यात गळा बराचसा निघाला, पण टबीच्या कामाशी ताडून पाहता मिक्स करणाऱ्यांनी हात आखडताच घेतला असे वाटते. गायन वगळले की डब होतोच असे नाही, हे त्यावरून उमगते.

खरी मेख ठेक्यात आहे. ‘वन ड्रॉप’ या रेगेच्या ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली रिकामी सोडून तिसरीवर बास ड्रम आणि स्नेअरच्या कडेवरचा टिपरा एकत्र पडतो. रत्नागिरीत जाखडीच्या ढोलकीवर वाढलेल्या कानाला ही रिकामी सम आधी चुकल्यासारखीच वाटते. मिनिटाला ७५ मात्रांची लय धरली तर एक मात्रा ८०० मिलिसेकंदांची होते. टिपऱ्याचा प्रतिध्वनी तेवढ्याच अंतराने लावला, तर त्याची दुसरी आवृत्ती नेमकी पुढच्या समेवर आदळते आणि मोकळी जागा बुजते. तेच अंतर ६०० केले, तर दुसरी आवृत्ती समेच्या अलीकडे व तिसरी पलीकडे पडते, चौथी दुसऱ्या मात्रेवर बसते आणि सम रिकामीच राहते. नवशिके बहुधा पहिला पर्याय निवडतात, कारण तो हिशेबाला सोपा असतो.

एवढी कसरत करायची तर प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर, शक्यतो वेगळ्या खोलीत मुद्रित करावे लागते, कारण सगळे एकत्र वाजवले की गायकाचा ट्रॅक बंद केला तरी त्याचा आवाज ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेला असतो, आणि टिपऱ्याबरोबर तोही प्रतिध्वनीत जातो.