टाच आणि चवडा

ड्रमसंचावर बसलेल्या वादकाच्या उजव्या पायाकडे जे काम येते, ते पाहणाऱ्याला सर्वांत साधे वाटते आणि शिकणाऱ्याला सर्वांत उशिरा वश होते. कारण हात जे करतात ते दिसते, आणि पाय जे करतो ते संचाच्या आड, जमिनीलगत, मोठ्या ढोलाच्या सावलीत चाललेले असते. हा मोठा ढोल म्हणजे बास ड्रम. बहुधा २२ इंच व्यासाचा हा ढोल कडेवर उभा ठेवतात, तोंडे पुढेमागे ठेवतात आणि त्यावर काठीऐवजी पेडलने आघात करतात. पेडलची रचना मोजक्या भागांची असते. पाऊल ठेवण्याची धातूची पट्टी मागच्या टोकाला बिजागरीवर बसवलेली असते, तिच्या पुढच्या टोकाला साखळी किंवा पट्टा असतो, त्याने वरचा आडवा दांडा फिरतो, त्या दांड्यावर नमद्याचा गोळा असलेला दस्ता, म्हणजे बीटर, बसवलेला असतो, आणि बाजूला एक स्प्रिंग असते जी प्रत्येक आघातानंतर सारे काही मूळ जागी ओढून आणते. वादक पट्टी दाबतो, गोळा कातड्यावर, आणि आता बहुधा प्लॅस्टिकच्या पडद्यावर, आदळतो. एवढ्यानेच काम भागत असते, तर या विषयावर लिहिण्यासारखे फारसे काही उरले नसते.

पेडलचा इतिहास पाहिला तर वेगाचा प्रश्न त्याच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत असल्याचे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या नाटकगृहांत एकच वादक छोटा आणि मोठा असे दोन्ही ढोल शेजारी ठेवून हातातल्या काठ्यांनीच वाजवत असे. पायाने चालणारी काही साधने तेव्हाही होती, पण ती अवजड आणि सुस्त होती. रॅगटाइम नावाचे चपळ, उड्या मारत जाणारे संगीत लोकप्रिय झाले तेव्हा शिकागोचा वादक विल्यम लुडविग याला ही सुस्ती सोसवेना, आणि १९०९ मध्ये त्याने आखूड, हलके, चटकन परतणारे पेडल तयार करून भावाच्या साथीने त्याचा कारखाना काढला. म्हणजे पायाला काम मिळाले, त्याच क्षणी त्याच्याकडून चपळाईची अपेक्षाही सुरू झाली. पुढे लुडविगचेच ‘स्पीड किंग’ नावाचे पेडल जगभर पोहोचले आणि त्याच्या करकर आवाजासकट ध्वनिमुद्रिकांत उतरले.

सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या फोंडाघाटसारख्या बाजारपेठेच्या गावात हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. देवगडहून निपाणीकडे जाणारा रस्ता येथून घाट चढून दाजीपूर, राधानगरीच्या बाजूला उतरतो, आणि या रस्त्याने जितका माल वरखाली होतो तितकीच वाद्येही होत आली आहेत. पण परकेपणा नसण्याचे खरे कारण दशावतार हे आहे. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्र-रात्र चालणाऱ्या या नाट्यप्रकारात पखवाज, झांज आणि पेटी एवढ्याच साधनांवर आडदशावतारातल्या, म्हणजे पूर्वरंगातल्या, संकासुरापासून आख्यानातल्या युद्धापर्यंतचा सारा डोलारा उभा राहतो, आणि त्यातली पेटी अनेकदा पायपेटी असते. पायपेटी म्हणजे जिचा भाता हाताऐवजी पायाने हलवायचा अशी हार्मोनियम. तिच्या वादकाचे दोन्ही हात स्वरपट्ट्यांवर मोकळे राहतात आणि खाली पाय आपल्या संथ गतीने हवा भरत असतो.

या पायाकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. वर पखवाजाची लय चढत जाते, राक्षस आणि देव यांची गाठ पडते, पेटीवाल्याची बोटे सरसर धावू लागतात, तरी त्याचा पाय त्या धावण्याला बळी पडत नाही. तो हवेच्या गरजेपुरताच चालतो. हातांच्या गतीपासून पायाची गती सुटी राखण्याची ही साधना ड्रमवादनातली पहिली पायरी आहे, आणि शहरातल्या शिकवण्यांत विद्यार्थ्याला ती महिनोन्‌महिने घासावी लागते. फरकही तितकाच मोलाचा आहे. पायपेटीत भात्यातून आलेली हवा आधी साठ्याच्या कप्प्यात जाते आणि तेथून समान दाबाने स्वरांना मिळते, म्हणून पाय थोडा मागेपुढे झाला तरी स्वर डगमगत नाही. बास ड्रममध्ये असा कप्पा नाही. पायाची प्रत्येक कुचराई, प्रत्येक घाई, प्रत्येक कमीजास्त दाब तत्क्षणी ऐकू येतो, तोही मांडवातल्या सर्वांत मोठ्या आवाजात.

पायाच्या वेगाचे शास्त्र इथे सुरू होते. पेडलवर पाऊल ठेवण्याच्या दोन मूळ पद्धती आहेत. पहिलीत टाच पट्टीच्या मागच्या भागावर टेकलेली राहते आणि हालचाल फक्त घोट्यातून होते. फोंड्याचा घाट उतरणारा ट्रकचालक टाच जमिनीला टेकवून चवड्याने पेडलचा दाब कमीजास्त करतो, तशीच ही जात. या पद्धतीत आवाज मृदू व हुकमी येतो, पण पाऊल वर उचलण्याचे काम नडगीच्या पुढच्या लहानशा स्नायूवर पडते, आणि तो लवकर भरून येतो. नवशिक्याच्या नडगीत जी आग होते ती याच स्नायूची. दुसऱ्या पद्धतीत टाच उचललेली असते, चवडा पट्टीवर असतो आणि मांडीपासून खाली येणारे पायाचे वजन आघाताच्या कामी येते. आवाज भरदार होतो, मात्र शरीराचा तोल कमरेवर येतो आणि बैठक चुकली की पाठ बोलू लागते. यांतली कोणती पद्धत बरोबर, हा वाद निष्फळ आहे. दोन्ही आल्याशिवाय तिसरी गोष्ट येत नाही, आणि वेगाचे रहस्य त्या तिसऱ्या गोष्टीत आहे.

ती गोष्ट म्हणजे परतीचा उपयोग. गोळा पडद्यावर आदळला की पडदा स्वतःच त्याला मागे फेकतो आणि स्प्रिंग त्या फेकीला हात देते. शिकणारा बहुधा आघातानंतरही पट्टी दाबून धरतो, त्यामुळे गोळा पडद्याला चिकटून राहतो, नाद गुदमरतो, आणि पुढच्या आघातासाठी पाय आधी उचलण्याचे वेगळे श्रम पडतात. हाच पाय आघाताच्या क्षणी सैल सोडला तर गोळा आपणहून अर्ध्या वाटेपर्यंत परत येतो, आणि तेवढ्यात चवड्याने त्याला पुन्हा हलकेच लोटले की पायाच्या एकाच मोठ्या हालचालीत दोन आघात मिळतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौगुन वाजवायची, म्हणजे प्रत्येक मात्रेत चार आघात करायचे, तर सेकंदाला आठ आघात होतात. एवढ्या वेळा मांडी वरखाली करणे कष्टाचे आहे, पण प्रत्येक हालचालीत दोन आघात निघाले तर मांडीला सेकंदाला चारच फेऱ्या कराव्या लागतात. वेग वाढला तो जोर वाढवून नव्हे, सोडण्याची वेळ साधून.

हे दोन आघात काढण्याच्या रीती वादकांनी आपापल्या हाडापेरानुसार घडवल्या. एकीत पाऊल पहिल्या आघाताला पट्टीच्या मध्यावर पडते आणि दुसऱ्याला बोटभर पुढे घसरते. बिजागरीजवळ पट्टी जड लागते आणि वरच्या टोकाकडे हलकी, म्हणून थकलेला दुसरा आघात त्या हलक्या जागेवर अल्प श्रमात भरून निघतो. दुसरीत पाऊल पट्टीवर थोडे वर ठेवून आधी टाचेने दाबतात आणि टाच उठता उठता चवडा खाली आणतात. तिसरीत टाच हवेत डावी-उजवीकडे फिरते आणि प्रत्येक वळणाला एक आघात पडतो. तबला ऐकणाऱ्याला ही शेवटची रीत ओळखीची वाटेल, कारण ‘धिरधिर’ हा बोल हाच न्याय पाळतो. तळहाताची एक कड आणि मग दुसरी कड शाईवर झुलवून तबलजी हात न उचलता नाद दुप्पट करतो, आणि गुरू त्याला पहिल्या दिवसापासून एकच तंबी देतो, की दोन्ही ‘धिर’ सारखे वाजले पाहिजेत. पायाच्या जोडआघातातही दुसरा आघात पहिल्याहून पडेल होणे हा मूळ रोग आहे. त्यावरचे औषधही तबल्याच्याच रियाजातले आहे. दुसऱ्या आघातावर मुद्दाम वजन द्यायचे, संथ लयीत द्यायचे, आणि कानाला दोहोंतला फरक कळेनासा होईपर्यंत लय वाढवायची नाही.

पायांच्या नादाची परंपरा या देशात आधीच समृद्ध आहे, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. कथकातला तत्कार म्हणजे पावलांनी वाजवलेला तालच. त्यात पूर्ण तळव्याचा आघात निराळा, एडीचा निराळा, आणि घुंगरांचा भार पेलूनही प्रत्येक आघात सुटा ऐकू यावा लागतो. मुंबईचे नामवंत ड्रमवादक रणजित बारोट हे कथक नर्तकी सितारादेवी यांचे पुत्र. यावरून वारशाचा सिद्धान्त मांडण्याची गरज नाही. पण ज्या घरात तत्कार कानावर पडतो, तेथे पायाला दुय्यम समजण्याची सवय लागत नसावी, एवढे म्हणणे वाजवी आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ यांच्यासारख्या ड्रमवादकांनी जे वाजवले, त्यातले काठ्यांचे काम रसिकांच्या ध्यानात राहिले. पायाचे काम मात्र गाण्याच्या पायाशीच राहिले, आणि ते काढून टाकले तर गाणे उभे राहत नाही हे फक्त वादकांना ठाऊक असते.

एका पायाने काय होऊ शकते याचा सर्वांत गाजलेला दाखला इंग्लंडच्या जॉन बॉनमचा आहे. लेड झेपेलिन या गटाच्या १९६९ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत पहिल्याच गाण्यात त्याने एका बास ड्रमवर, एकाच पेडलने, तिगुनीच्या वेगवान जोड्या वाजवल्या, आणि ऐकणाऱ्या अनेकांना तेथे दोन बास ड्रम असावेत असे वाटले. मात्रेचे तीन भाग करायचे, त्यांतला एक हाताला द्यायचा आणि उरलेले दोन पायाला; हे कागदावर सोपे आहे, पण त्या दोन आघातांमधली फट इतकी लहान असते की पायाला विचार करायला जागाच राहत नाही. पुढे १९८० च्या दशकात दोन पायांनी एकाच ढोलावर वाजवण्याचे जोडपेडल सर्वत्र रुळले आणि वेगाचा प्रश्न पुष्कळसा सुटला. तरी ज्यांनी एका पेडलवर पाय घडवला, त्यांच्या वादनात आघातांमधली शांतता अधिक स्वच्छ राहते, हे कान देऊन ऐकले तर पटते.

सिंधुदुर्गात आज ड्रमसंच ऑर्केस्ट्रांत आणि लग्नाच्या मंडपांत दिसतो. गणपतीच्या आणि शिमग्याच्या मिरवणुकीत निघणाऱ्या बँजो पथकांत मात्र त्याची जागा बहुतांशी ऑक्टोपॅडने घेतली आहे. ऑक्टोपॅड म्हणजे आठ चौकोनी रबरी गाद्यांचे विद्युत्‌वाद्य. १९८५ मध्ये रोलँड या जपानी कंपनीने ते बाजारात आणले आणि त्यात बास ड्रमचा आवाज एका गादीवर काठी मारूनही काढता येतो. चालत्या टेम्पोत पूर्ण संच मांडणे अवघड, पावसाचा भरवसा नाही, दमट हवेत स्प्रिंग गंजते आणि नमदा ओल धरतो, हे सारे मान्य केले तरी या सोयीची किंमत पायाने चुकवली आहे. हातांना आठ गाद्या मिळाल्या आणि पाय रिकामा राहिला. ज्या मुलाच्या कानात भजनाच्या गजराची चढती लय लहानपणापासून मुरलेली आहे, ज्याला ठाय, दुगुन, चौगुन समजावून सांगावी लागत नाही, त्याचा पाय असा निकामी पडून राहणे ही खरोखर हानी आहे.

ती भरून काढायला फार खर्च लागत नाही. पूर्ण संच नसला तरी एक जुने पेडल आणि लाकडी फळीवर ताणून बसवलेला रबराचा तुकडा यांवर पाऊल घडू शकते. स्प्रिंग आरंभी मध्यम ठेवावी, कारण अतिघट्ट स्प्रिंग पायाला खोटा वेग देते आणि पुढे जड ढोलावर तो वेग टिकत नाही. बीटर विश्रांतीच्या वेळी पडद्यापासून साधारण ४५ अंशांवर मागे असावा. बैठकीची उंची अशी, की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील. मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या गतीने टिकटिक करणारे लययंत्र, मिनिटाला ६० मात्रांवर लावून आधी एकेक आघात, मग जोड, मग तिगुन, आणि प्रत्येक टप्प्यावर नडगीत ताण जाणवू लागताच थांबणे. स्नायू आवळून मिळवलेला वेग पायात साठत नाही, सैल राहून मिळवलेला साठतो. अनवाणी वाजवायचे की बुटांनी, हे प्रत्येकाने आपल्या पायाला विचारून ठरवावे. घामेजलेल्या अनवाणी पावलाला पट्टीवर घसरणे जड जाते, तेथे पातळ तळव्याचा बूट बरा.

फोंडाघाट-कणकवली परिसरातल्या ज्या मुलांना हा नाद लागला असेल त्यांनी यंदाच्या जत्रांत दशावतार सुरू झाला की पेटीवाल्याच्या बाजूला जागा धरावी, आणि निदान एका आख्यानभर त्याच्या बोटांकडे न पाहता पायाकडे पाहावे. पथकांच्या चालकांनाही एक विनंती आहे. सराव जिथे होतो त्या खोलीत ऑक्टोपॅडशेजारी एक साधे पेडल आणि जुना का होईना, एक बास ड्रम कायमचा मांडून ठेवावा.