नंबर एक, गुण अनेक

मैत्रिणींनो, एकाच पोत्यातली तूरसुद्धा आपण निवडून घेतो. मग ट्रान्झिस्टर का नाही?

आमची अकरावीतली लेक इथे वाशीमला गिटारचा आवाज बदलणारी डबी घरीच करते. तयार डबी आमच्या महिन्याच्या हिशेबात बसत नाही. त्यात ‘फेट’ नावाचा तीन पायांचा ट्रान्झिस्टर लागतो. गिटारचा नाजूक सिग्नल तो दडपत नाही, म्हणून त्याला पसंती. पण पहिली डबी घरघरली आणि पोर हिरमुसली, “आई, मला जमतच नाही गं!”

दोष तिच्या हातांचा नव्हता. जे-२०१ हा एकच नंबर. पण त्याचा प्रवाह ०.२ ते १ मिलिअँपिअर कितीही असू शकतो. पाचपट फरक!

तेव्हा मापून घ्या. पायांचा क्रम तक्त्यात पाहा. गेट आणि सोर्स एकत्र करून ९ व्होल्ट बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. ड्रेन मिलिअँपिअरवर ठेवलेल्या मीटरमधून धन टोकाला. आकडा चिठ्ठीवर लिहून ठेवा.

साध्या बूस्टरला बहुतेक चालतात. ड्रेनला प्रीसेट लावून तिथे साडेचार व्होल्टच्या आसपास आणा. फेझरचं मात्र तसं नाही. १९७४ च्या ‘फेझ ९०’सारख्या फेझरला चार जुळे फेट लागतात. तिथे हा आकडा फक्त पहिली चाळणी. फेट बंद होण्याचं व्होल्टेजही जुळवावं लागतं.

उरलेले टाकू नका, बूस्टरला येतील. आणि लेकीच्या हातातली सोल्डरिंगची कढत इस्त्री, “हे मुलांचं काम” म्हणून काढून घेऊ नका.