बारीक आवाजाचा माणूस

स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी मुले निवडताना आम्हा शिक्षकांना एक सवय जडली आहे. ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो तो राजा; ज्याचा पोहोचत नाही तो झाड. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलाला आम्ही असेच झाड केले. "बाई, एक तरी वाक्य द्या ना," असे तो दोनदा म्हणाला. आम्ही हसून विषय टाळला. अंगाला हिरवा कागद गुंडाळून तो पाऊण तास निमूट उभा राहिला.

पुढे सुटीत आम्ही काही जणांनी मिळून 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हा १९५७ सालचा अमेरिकन चित्रपट पाहिला. बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) पालकांपैकी अनेकांना आठवत असेल. तो याच्यावरूनच घेतलेला. वडिलांच्या खुनाचा आरोप असलेल्या मुलाचा निवाडा करायला बारा पंच एका खोलीत बसतात. नायक हेन्री फोंडा. पण आमचे लक्ष गेले दोन नंबरच्या पंचाकडे. बुटका, चष्मा लावणारा, आवाज पिपाणीसारखा. पहिल्या फेरीत त्याला स्वतःचे मत धड मांडताही येत नाही. पण पुढे नेमका प्रश्न तोच काढतो : मुलगा पाच फूट सात इंच, बाप सहा फूट दोन इंच, मग वार वरून खाली कसा झाला?

या नटाचे नाव जॉन फिडलर. जन्म १९२५, विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लॅटविल गावी. 'अ रेझिन इन द सन' या नाटकात (१९५९) आणि त्यावरच्या चित्रपटात (१९६१) हाच माणूस एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे येतो आणि 'आमच्या वस्तीत राहायला येऊ नका, हवे तर पैसे घ्या' असे अगदी नम्रपणे सुचवतो. तोच मऊ आवाज, पण इथे अंगावर काटा येतो. आणि बालमित्रांनो, 'विनी द पूह'मधला घाबरट पिगलेट तुम्हाला ठाऊक आहे ना? १९६८ पासून त्याला आवाज दिला तो फिडलर यांनीच. २००५ साली ते वारले, तोपर्यंत हे काम त्यांच्याकडेच होते.

आम्ही ज्याला उणीव समजलो असतो, त्या आवाजावर या माणसाने पन्नास वर्षे काम केले. कुणीतरी त्यांना पहिले वाक्य दिले, म्हणूनच ना?

यंदा नाटकासाठी प्रत्येक मुलाकडून उतारा वाचून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. विश्वस्त मंडळाला एक विनंती : रंगमंचावर दोन टांगते माइक मिळाले, तर शेवटच्या रांगेचा प्रश्नच उरणार नाही.

तो मुलगा आता सातवीत आहे. यंदा त्याने नाटकात नाव दिलेले नाही. आम्हीच त्याच्या वर्गावर जाणार आहोत.